चालकाच्या मागे बसवलेले एअर-कूल्ड इंजिन नवव्या फेरीला तापते. हवेची वाट कुठे चुकते आहे?

चौथा गिअर, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार. आम्ही येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यांत्रिकी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असून विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेसाठी एकआसनी गाडी बांधत आहोत. इंजिन मोटारसायकलचे आहे: ३५० सीसी, एक सिलिंडर, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरचे, साधारण २० अश्वशक्तीचे. वॉटर-कूल्ड इंजिनांच्या किमती आमच्या वर्गणीच्या आवाक्याबाहेर होत्या आणि हे इंजिन अपघातात सापडलेल्या गाडीतून रास्त भावात मिळाले. ते चालकाच्या पाठीमागे, फायरवॉलच्या (चालक आणि इंजिन यांच्यामधील आगरोधक भिंतीच्या) पलीकडे बसवले आहे. चेन मागच्या अ‍ॅक्सलला जात असल्यामुळे इंजिनाची दिशा मोटारसायकलवर असते तीच ठेवावी लागली. म्हणजे एक्झॉस्टचे तोंड पुढे, फायरवॉलकडे आहे आणि तेथून निघालेला पाइप उजवीकडून वळसा घेऊन मागे जातो.

अडचण अशी की पहिल्या सात-आठ फेऱ्या गाडी उत्तम पळते, नवव्या फेरीपासून ओढ कमी होते आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल पूर्ण उघडला की नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण आपोआप भडकण्याचा, खडखडाट स्पष्ट ऐकू येतो. प्लगच्या वॉशरखाली बसवलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) त्या वेळी २४५ अंश सेल्सिअस दाखवतो. चाचण्या शेंद्र्याच्या बाजूच्या एका मोकळ्या आवारात होतात आणि सध्या सकाळी साडेदहालाच तेथे ४० अंश असतात.

सुरुवातीला गाडीच्या दोन्ही बाजूंना, चालकाच्या खांद्यामागे, १० बाय १२ सेंटिमीटर तोंडाचे, बाहेरची हवा आत घेणारे दोन स्कूप होते. हवा कमी पडत असावी असे समजून आम्ही ते १५ बाय १६ सेंटिमीटरचे केले. तापमानात दोन अंशांचाही फरक पडला नाही. मग इंजिनामागे १२ व्होल्टचा रेडिएटरचा पंखा लावला. गाडी उभी असताना त्याचा थोडा उपयोग होतो, धावताना काहीच नाही. आता स्कूप आणखी मोठे करावेत, पंखा मोठा घ्यावा, की हे इंजिनच सोडून द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाळूजकर

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. तोंड दुप्पट केले आणि तापमान हलले नाही, याचा अर्थ तोंड ही अडचण कधीच नव्हती. मी इंजिनांच्या चाचणी विभागात बावीस वर्षे काढली आहेत आणि दर वर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी मोठा स्कूप कापून घेऊन येतो, तेव्हा मी त्याला एकच गोष्ट विचारतो: हवा बाहेर कुठून जाते? सहसा उत्तर मिळत नाही, कारण बाहेरची वाट कोणी आखलेलीच नसते.

आधी साधा हिशेब मांडू. तुमच्या इंजिनाची २० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १५ किलोवॉट. पूर्ण थ्रॉटलवर फिन्स (सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या पातळ पट्ट्या) आणि ऑइल मिळून साधारण १२ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागेल असे धरा. वळणावळणाच्या ट्रॅकवर थ्रॉटल सतत पूर्ण उघडा नसतो, म्हणून सरासरी ६ किलोवॉट घेऊ. फिन्समधून जाताना हवा ४० अंशांनी तापू द्यायची ठरवली, तर सेकंदाला ०.१५ किलो हवा लागते. आपल्याकडे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, ४२ अंशांच्या उन्हात, एका घनमीटर हवेचे वजन अवघे १.०५ किलोच्या आसपास भरते, म्हणजे ही हवा सेकंदाला ०.१४ घनमीटर झाली. तुमच्या स्पर्धेत दीर्घ पल्ल्याच्या फेरीचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. स्कूपच्या तोंडाशी हवा त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ७ मीटरने आत शिरते असे मानले, तर लागणारे तोंड सुमारे २०५ चौरस सेंटिमीटर येते. तुमचे पहिले दोन स्कूप मिळून २४० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे ते पुरेसे होते. वाढवलेले स्कूप आता फक्त वाऱ्याचा अडथळा वाढवत आहेत.

मग हवा का जात नाही? हवा जागेमुळे जात नाही, दाबातील फरकामुळे जाते. आपल्या शहरातील पाणचक्कीकडे पाहा: पाणी दूरच्या डोंगराकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येते आणि उंचीच्या फरकावर चाक फिरवते, शेवटी पाण्याला खाली पडायला जागाच नसती, तर वरचा नळ दुप्पट रुंद करून चक्की फिरली नसती. तुमच्या गाडीत ही उंची म्हणजे वेगामुळे मिळणारा दाब. ताशी ५० किलोमीटरला तो जेमतेम १० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो, ताशी १०० ला ४० मिलिमीटर आणि ताशी २५ ला केवळ अडीच. वेग निम्मा झाला की दाब चौथाई होतो. इतक्या तुटपुंज्या भांडवलात फिन्समधून हवा ढकलायची असल्यामुळे वाटेत एकही गळती परवडत नाही. इंजिनाच्या मागे तुम्ही शेपटीचा पत्रा किंवा फायबरचे आवरण लावले असणारच. त्या बंद खोलीत पुढचा दाब आणि मागचा दाब जवळपास सारखा होतो आणि हवा आत जाण्याऐवजी स्कूपच्या तोंडावरूनच बाजूला वळते.

दुसरी गोष्ट सिलिंडरच्या आकाराची. मोकळ्या सिलिंडरवर समोरून वारा सोडला, तर तो अर्ध्या वाटेपर्यंत पृष्ठभागाला चिकटून जातो आणि सर्वांत रुंद भागाच्या आसपास पृष्ठभाग सोडून देतो. मागचा निम्मा सिलिंडर भोवऱ्यातच राहतो. मोटारसायकलवर हे चालून जाते, कारण समोरचा वारा भरपूर असतो. गाडीत तो नसतो, म्हणून मागच्या बाजूला पत्र्याचे बॅफल, म्हणजे हवा फिन्सना धरून ठेवणारे कवच, गुंडाळावे लागते. विमानांच्या एअर-कूल्ड इंजिनांना हे जवळपास शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेतील नाका या संस्थेने लँगली येथील वायुबोगद्यात तारकाकृती इंजिनाभोवती गोल आवरण बसवून पाहिले, तेव्हा त्याच इंजिनावर कर्टिस विमानाचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. आतली हवा हव्या त्या जागी वळवली, तर इंजिन झाकूनही थंड राहते, हे तेव्हा सिद्ध झाले.

करायचे ते असे. १ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची दोन कवचे करा. ती सिलिंडरच्या रुंद भागाच्या थोडी आधी सुरू होऊन मागे वळत जावीत, फिन्सच्या टोकांपासून २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवावीत आणि अगदी मागे सिलिंडरच्या व्यासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी उभी फट सोडावी. हेडसाठी वेगळे कवच करा, कारण उष्णतेचा मोठा वाटा हेडचा, त्यातही एक्झॉस्ट पोर्टच्या भागाचा असतो. हवेचा निम्म्याहून बराच अधिक भाग तिकडे गेला पाहिजे. स्कूपपासून या कवचांपर्यंतचा डक्ट (हवेचा मार्ग) बंदिस्त असावा, सांधे सिलिकॉन रबराच्या पट्टीने बुजवावेत. तोंडाची कडा धारदार न ठेवता गोल वळवा आणि डक्ट हळूहळू रुंद करा. एकूण कोन आठ-दहा अंशांच्या पुढे गेला की हवा भिंत सोडते. बाहेरचे तोंड आतल्याच्या दीडपट ठेवा आणि ते गाडीच्या मागच्या, कमी दाबाच्या भागात उघडा.

मात्र पत्रा कापण्यापूर्वी मोजा. औषधांच्या दुकानातून सलाइनची नळी आणा, तिचा यू आकार करून त्यात रंग टाकलेले पाणी भरा, एक टोक फिन्सच्या पुढे आणि दुसरे मागे ठेवा आणि ताशी ५० ला किती मिलिमीटर फरक येतो ते लिहून ठेवा. गाडीत हादऱ्यांनी पाणी नाचेल. नळीत कापसाचा सैल बोळा अडकवला की बऱ्यापैकी स्थिर होते. जोडीला आवरणावर आणि आत लोकरीचे चार-चार सेंटिमीटरचे धागे चिकटवा आणि मोबाइलने चित्रण करा.

लातूरचे गॅरेज

वाळूजकर सरांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु मुलांनो, हवेच्या मागे लागण्यापूर्वी इंजिन स्वतः जास्त उष्णता निर्माण करत नाही ना हे तपासा. मी तीस वर्षे स्कूटर आणि रिक्षा दुरुस्त करतो आहे. तापलेले इंजिन घेऊन येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी चारांचा दोष कार्ब्युरेटरमध्ये किंवा टायमिंगमध्ये (प्लगची ठिणगी पडण्याच्या वेळेत) निघतो.

तुम्ही मूळ एअर फिल्टरचा डबा काढून टाकला असेल, अशी माझी खात्री आहे, कारण गाडीत तो बसत नाही. डबा काढला की इंजिनाला हवा मोकळी मिळते, मेन जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे मुख्य छिद्र) मात्र जुनाच राहतो आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. पूर्ण थ्रॉटलवर एक लांब धाव घ्या, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढून पाहा. चिनीमातीचा भाग पांढरा फटक असेल तर मेन जेट दोन पायऱ्या मोठा टाका. बिस्किटासारखा तपकिरी रंग येईपर्यंत थांबू नका. टायमिंग पुढे सरकवून ताकद मिळवण्याचा मोह कोणी केला असेल, तर ते आधी मूळ खुणेवर आणा. टायमिंग पुढे गेले की हेड तापते आणि फार मागे गेले की एक्झॉस्ट पोर्ट आणि पाइप तापतात. दोन्हीकडे भुर्दंड आहेच.

आता हवेविषयी माझ्या अनुभवातील एक गोष्ट. जुन्या स्कूटरमध्ये इंजिन बाजूच्या पत्र्याआड झाकलेले असे आणि मॅग्नेटोच्या चाकावरच पंख्याची पाती असत. सिलिंडरवर पत्र्याचे काऊल बसे. पुष्कळ जण दुरुस्तीनंतर ते काऊल बसवायचा कंटाळा करत. ‘उघडे आहे तर हवा जास्तच लागेल’ असा त्यांचा समज असे. लातूरहून औसा गाठेपर्यंत अशी स्कूटर सीझ होऊन टेम्पोवर परत येई. पंख्याची हवा काऊलच्या वाटेने फिन्सवर जाण्याऐवजी चहूकडे उधळली जात असे, एवढेच. मागे इंजिन असलेल्या जुन्या एअर-कूल्ड रिक्षांतही हीच रचना आहे. तुमच्या गावात रिक्षांना तोटा नाही, भंगारातून एक काऊल आणून समोर ठेवा. कारखान्याने पत्रा फिन्सच्या किती जवळ नेला आहे आणि मागे फट कुठे सोडली आहे ते पाहिले, तरी निम्मे शिक्षण होईल.

आणि उन्हाळ्यात घरात कूलर लावताना समोरची खिडकी आपण उघडी ठेवतोच ना? खिडकी लावून घेतली की कूलर नुसता घरघरतो आणि खोलीत दमटपणा साचतो. गाडीलाही तीच खिडकी हवी.

गोदाकाठ, नांदेड

मी वेगळे मत मांडतो. वर सुचवलेली मेहनत घेण्यापेक्षा पुढच्या वर्षासाठी वॉटर-कूल्ड इंजिनाकडे वळावे. शर्यतीच्या गाड्यांचा इतिहास याच दिशेने गेला आहे आणि त्याची कारणे भावनिक नाहीत.

फ्रान्समधील रूआँच्या ट्रॅकवर १९६२ साली डॅन गर्नी यांनी पोर्शेच्या आठ सिलिंडरच्या एअर-कूल्ड फॉर्म्युला वन गाडीतून फ्रेंच ग्रां प्री जिंकली. सहा वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याच ट्रॅकवर होंडाने आरए ३०२ ही व्ही-८ एअर-कूल्ड इंजिनाची गाडी उतरवली. सोइचिरो होंडा यांचा एअर-कूलिंगवर फार विश्वास होता. संघाचे मुख्य चालक जॉन सर्टीस यांनी ती गाडी चालवण्यास नकार दिला, तेव्हा ती जो श्लेसर यांच्याकडे गेली आणि शर्यतीच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतच झालेल्या अपघातात ते मृत्युमुखी पडले. अपघाताचा दोष मी कूलिंगवर टाकत नाही, मृत्यूला मॅग्नेशियमच्या अंगाने घेतलेला पेट कारणीभूत होता. परंतु एवढे सामर्थ्य असलेल्या कंपनीनेही नंतर शर्यतीसाठी तो मार्ग सोडला, हे लक्षात घ्यावे.

पोर्शेचेही तेच. चार व्हॉल्व्हचे हेड करायचे ठरल्यावर १९७८ च्या ९३५ गाडीत आणि १९८२ च्या ९५६ मध्ये हेडला पाणी द्यावे लागले, सिलिंडर मात्र हवेवरच राहिले. चार व्हॉल्व्ह आणि दोन कॅमशाफ्ट यांच्या गर्दीत हेडवर फिन्सना आणि हवेला जागाच उरत नाही.

वाळूजकर

गोदाकाठ यांनी दिलेला इतिहास अचूक आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष या मुलांच्या गाडीला लागू होत नाही. यांचे इंजिन दोन व्हॉल्व्हचे, २० अश्वशक्तीचे आणि एकाच सिलिंडरचे आहे. त्याच्या चारही बाजू मोकळ्या आहेत. तुलनाच करायची तर महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ५०० सीसी फॉर्म्युला थ्रीशी करावी. तेथील कूपर गाड्यांत जेएपी किंवा नॉर्टनचे एक सिलिंडरचे मोटारसायकल इंजिन चालकाच्या मागे असे, चेन मागच्या अ‍ॅक्सलला जाई आणि स्टर्लिंग मॉस यांच्यासारखे चालक त्यातूनच घडले. त्या गाड्यांना एक सवलत होती, ती म्हणजे मिथेनॉल. मिथेनॉलची वाफ होताना पेट्रोलच्या तिप्पट उष्णता शोषली जाते, शिवाय तेवढ्याच हवेसाठी ते दुपटीहून अधिक जाळावे लागते. दोन्ही मिळून मिश्रण थंड करण्याची ताकद सातएक पट होते. तुम्हाला ती सवलत नाही, म्हणून पत्र्याचे काम अधिक नेटके करावे लागेल. प्लग तपकिरी ठेवण्याचा लातूरकरांचा सल्ला मात्र त्याच तत्त्वावर उभा आहे: थोडे जास्तीचे पेट्रोल आतून थंडावा देते.

पंख्याविषयी. पोर्शे ९१७ च्या बारा सिलिंडर इंजिनावर आडवा, मोठा पंखा होता आणि तो क्रँकशाफ्टच्या मध्यातून गिअरने फिरवला जाई. पूर्ण वेगात तो सुमारे १७ अश्वशक्ती खाई. पावणेसहाशे अश्वशक्तीच्या इंजिनाला ती परवडली आणि त्या गाडीने १९७० आणि १९७१ ची ल मान्स ही २४ तासांची शर्यत जिंकली. तुमच्या इंजिनाचा ऑल्टरनेटर दीड-दोनशे वॉट देतो, त्यातच इग्निशन आणि पंप चालवायचे. त्यात हा हिशेब लक्षात ठेवा: हवेचा प्रवाह दुप्पट करायचा तर पंख्याची शक्ती आठपट लागते आणि उष्णता नेण्याची क्षमता मात्र दीड-पावणेदोन पटच वाढते. तुमच्या पंख्याला आवरण नसेल, तर तो मागची गरम हवा घेऊन मागेच फिरवतो आहे. तो बॅफलच्या बाहेरच्या तोंडाला बंदिस्त जोडा आणि फक्त गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालताना लावा. चालक बदलताना इंजिन बंद करून तीन मिनिटे उभे राहावे लागते, तेव्हा त्याचा खरा उपयोग आहे.

चौथा गिअर, छत्रपती संभाजीनगर

वाळूजकर सर, लातूरचे काका आणि सर्वांचे आभार. आम्ही मोजमाप केले आणि जे दिसले ते पाहून थोडे ओशाळलो.

ताशी ५० किलोमीटरला फिन्सच्या पुढे बाहेरच्या हवेपेक्षा ४ मिलिमीटर अधिक दाब होता, आणि मागे अडीच मिलिमीटर अधिक. म्हणजे उपलब्ध १० पैकी फिन्सना केवळ दीड मिलिमीटर मिळत होता. धाग्यांचे चित्रण त्याहून बोलके निघाले: डाव्या स्कूपमधील धागे आत वाकले होते, पण इंजिनाच्या मागच्या बाजूचे धागे चक्क पुढे, फायरवॉलकडे वाकले होते. उजव्या स्कूपमधील धागे नुसते थरथरत होते. पुढच्या चाकाने ढवळलेली हवा नेमकी त्या स्कूपवर येते असे वाटते, कारण उजव्या बाजूचे सस्पेन्शन झाकणारा पत्रा आम्ही अद्याप बसवलेला नाही. त्यातही जी थोडी हवा उजवीकडून येते ती आधी एक्झॉस्ट पाइपवरून जाते. तिचे तापमान सिलिंडरपाशी पोहोचेपर्यंत ७० अंशांवर गेलेले होते.

प्लग पांढरा होता. काकांनी न पाहता ओळखले. जेट बदलल्यावर, इतर काहीही न करता, तापमान २४५ वरून २३१ वर आले.

परभणीकर

तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहून जाते आहे ती म्हणजे धूळ. आमच्याकडे शेतात एअर-कूल्ड डिझेल इंजिन आहे, फ्लायव्हीलच्या पंख्याचे. हंगामात मळणीच्या यंत्राजवळ ते चालते तेव्हा सोयाबीनचा भुसा आणि तेलाचा ओशट थर मिळून फिन्सच्या मधली जागा लिंपून टाकतो. वरून पाहिले तर फिन्स स्वच्छ दिसतात, मधल्या फटीत बोट घातले की बुच लागते. दोन हंगामांत एकदा पिस्टन बदलावा लागला, तेव्हापासून मी दर आठवड्याला कॉम्प्रेसरच्या हवेने, आतून बाहेर अशा उलट्या दिशेने, फिन्स साफ करतो. तुम्ही बॅफल लावल्यावर फिन्स दिसणारच नाहीत, म्हणून ते दोन स्क्रूंवर निघतील असे करा. रिव्हेट मारू नका. चेनचे वंगण उडून हेडवर बसू नये म्हणून मध्ये एक आडोसाही ठेवा.

दुसरे असे की येथील मे महिन्यात केलेली चाचणी ही वाया गेलेली नसते. आमच्याकडे पारा ४३ च्या वर जातो. तेथे टिकलेले इंजिन स्पर्धेच्या हिवाळ्यात निश्चिंत चालेल.

वाळूजकर

परभणीकरांच्या शेवटच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. २० अंशांच्या, समुद्रकाठच्या हवेच्या तुलनेत आपली उन्हाळी हवा तेरा टक्के विरळ आहे. शिवाय २०० अंशांचे हेड आणि हवा यांच्यातील तफावत १८० वरून १५८ अंशांवर येते. दोन्ही मिळून त्याच वेगाला फिन्सची क्षमता साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. इंजिनही तीच विरळ हवा घेत असल्यामुळे ताकद आणि उष्णता थोडी कमी निर्माण होते, पण ती घट पूर्ण भरून निघत नाही. परदेशी संघांच्या स्कूपची मापे छायाचित्रांवरून उचलू नयेत ती याचसाठी.

उजवा स्कूप बंद करा. दोन वाईट तोंडांपेक्षा एक चांगले बरे. डावा स्कूप अंगापासून दोन सेंटिमीटर बाहेर उचला, म्हणजे गाडीच्या अंगाला घासून आलेली मंद हवा त्याच्या खालून निघून जाईल. एक्झॉस्ट पाइपला फायबरग्लासची पट्टी गुंडाळा आणि डक्ट व पाइप यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा ठेवा. कोणी तुम्हाला अंगाशी सपाट बसणारा, त्रिकोणी निमुळता नाका डक्ट सुचवेल. दिसायला तो देखणा असतो, पण बाजूच्या मंद हवेत बसवला की त्याचा दाब पडतो. येथे उभा स्कूपच हवा.

चौथा गिअर, छत्रपती संभाजीनगर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मध्ये परीक्षा होत्या. उजवा स्कूप बंद केला, डावा १६ बाय १४ सेंटिमीटरचा आणि उचललेला आहे, बॅफल स्क्रूंवर आहेत, शेपटीच्या आवरणाला मागे ३४० चौरस सेंटिमीटरची खिडकी कापली. पहिल्या वेळी बॅफल फिन्सना टेकले आणि हादऱ्यांनी दोन फिन्सच्या कडा घासल्या गेल्या. ३ मिलिमीटरची रबरी पट्टी मध्ये घातल्यावर ते थांबले. आता ताशी ५० ला पुढे ६ मिलिमीटर अधिक आणि मागे दीड मिलिमीटर उणे, म्हणजे साडेसात मिलिमीटरचा फरक मिळतो. बावीस किलोमीटरच्या सलग धावेत प्लगखालचे तापमान २०८ च्या वर गेले नाही, बाहेर ३९ अंश असताना. खडखडाट पूर्ण थांबला आहे.

एक नवीन प्रश्न उभा राहिला आहे. धावेच्या शेवटी ऑइल १२८ अंशांवर जाते. मोटारसायकलवर क्रँककेसला वारा लागत असे, आता खाली सपाट पत्रा असल्यामुळे तो लागत नाही. एक छोटा ऑइल कूलर मिळाला आहे आणि तो डक्टमध्ये, सिलिंडरच्या थेट पुढे बसवायला जागा आयती आहे. तेथे बसवावा का?

वाळूजकर

तेथे नको. ही चूक एकदा जगभर लक्षावधी गाड्यांत होऊन गेली आहे. फोक्सवॅगन बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरच्या वाटेत उभा होता. त्या सिलिंडरला कमी हवा मिळे आणि तीही कूलरने तापवलेली. परिणामी त्याचाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळे, हे त्या गाडीचे काम करणाऱ्या प्रत्येक मेस्त्रीला ठाऊक होते. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने कूलर मुख्य वाटेतून काढून वेगळ्या कप्प्यात नेला आणि त्याची गरम हवा परस्पर बाहेर सोडली.

तुम्ही बंद केलेला उजवा स्कूप मोकळा आहे. त्या बाजूचा सस्पेन्शनचा पत्रा आधी बसवा, मग तेथे ऑइल कूलर ठेवा, त्याची हवा सिलिंडरच्या डक्टमध्ये येऊ न देता एक्झॉस्ट पाइपच्या बाजूने मागे काढा. पाइपने तापलेली हवा ही तेथे अडचण नाही, कारण कूलर पाइपच्या आधी येतो. ऑइलच्या नळ्या पाइपपासून किमान ५ सेंटिमीटर दूर ठेवा आणि खालच्या सपाट पत्र्याला सम्पच्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीच्या) खाली एक आडवी फट कापा, जिची मागची कडा १ सेंटिमीटर खाली वाकवलेली असेल म्हणजे थोडी हवा आत वळेल. आधी नुसती फट करून एक धाव घ्या. १२८ वरून दहा अंश उतरले, तर कूलर, त्याच्या नळ्या आणि गळतीची चार नवी ठिकाणे तुम्हाला लागणारच नाहीत.